परवलीच्या शब्दांचा उतारा

संगणकाच्या मराठीत 'निर्यात' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. कांद्याची निर्यात होते, हापूसची होते, आणि पडद्यावरील एका ओळीवर बोट ठेवले की आपण साठवलेल्या पासवर्डांचीही होते. इंग्रजी 'एक्सपोर्ट'ला कोशात 'निर्यात' हा प्रतिशब्द सापडला, तो कोणीतरी उचलून तेथे बसवला आणि काम संपले. शब्द चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. कोशाच्या हिशेबाने तो बरोबरच आहे. तथापि ज्या माणसाने तो वाचून पुढची कृती करायची, त्याच्या मनात त्या शब्दाने कोणते चित्र उभे राहते, हा प्रश्न भाषांतर करणाऱ्याने स्वतःला विचारलेला दिसत नाही. त्या चित्राची किंमत आम्हांला मोजावी लागली, म्हणून आजचा हा लेख.

या पानावर येणाऱ्या वाचकांना आमच्या बोलीशब्दांच्या संग्रहाविषयी थोडेफार ठाऊक आहे. बेळगाव, खानापूर आणि चंदगड या पट्ट्यातील मराठी बोलीचे शब्द, त्यांचे अर्थ, ते कोणत्या गावी कोणाच्या तोंडून ऐकले त्याची नोंद आणि काही ठिकाणी ध्वनिमुद्रण, असा तो संग्रह. 'खरं' हा शब्द आमच्याकडे 'पण' या अर्थी कसा सहज येतो, भातशेतीच्या एकेका कामाला गावागणिक निराळे नाव कसे असते, असल्या गोष्टी त्यात होत्या. शब्द सतराशेहून अधिक झाले होते. हे सारे एका ऑनलाइन खात्यात होते आणि ते खाते आमच्या एका सहकाऱ्याकडे होते. सहकारी निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आणि त्यांच्याइतका नेटका माणूस आमच्यात दुसरा नाही. एकच खाते, एकच माणूस, म्हणजे गोंधळ होणार नाही, हा ठराव आम्हीच केला होता. तेव्हा दोषाचा मोठा वाटा आमच्या पदरी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मागच्या वर्षी ऐन आषाढात गुरुजींचा संगणक बंद पडला. दुरुस्त करणाऱ्या मुलाने विचारले, "सर, आतलं काय ठेवायचं हाय काय?" गुरुजी म्हणाले, "नको रे, सगळं वर हाय." आणि ते खरेही होते. संग्रह वर होता. त्याची किल्ली मात्र खाली, त्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेली होती. ब्राउझरने कधीतरी विचारले होते, पासवर्ड लक्षात ठेवू का, आणि गुरुजींनी होकार दिला होता. त्यानंतर तीन-चार वर्षे तो शब्द त्यांनी एकदाही स्वतः टंकित केला नव्हता. ब्राउझर कोणत्याही खात्याशी जोडलेला नसल्याने साठवण केवळ त्या यंत्रापुरती होती. मुलाने चकती पुसून नवी कार्यप्रणाली चढवली. खाते परत मिळवण्यासाठी कंपनीने ज्या भ्रमणध्वनीवर संकेत पाठवायचा, तो क्रमांक रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद झालेला. घर शाबूत, कुलूप शाबूत, आणि आम्ही सगळे ओसरीवर उभे.

गुरुजींनी नंतर जे सांगितले ते ऐकून आम्ही थक्क झालो. ती ओळ त्यांनी पाहिली होती. पासवर्डांच्या यादीखाली 'निर्यात करा' असे लिहिलेले होते आणि त्यांनी ती मुद्दाम टाळली. "आमच्या किल्ल्या बाहेर कुणाला कशाला पाठवायच्या?" असे त्यांना वाटले. मराठी जाणणाऱ्या माणसाने 'निर्यात' या शब्दाचा जो अर्थ घ्यायला हवा तोच त्यांनी घेतला. निर्यात केलेला माल देशाबाहेर जातो, परत येत नाही, आणि ज्याच्याकडे जातो तो परका असतो. संगणकात यातले काहीच घडत नाही. मूळ यादी जागच्या जागी राहते. तिची एक नक्कल एका फाइलीत उतरून तुमच्याच यंत्रावर येते. कोणालाही काही पाठवले जात नाही.

या क्रियेला मराठीत शब्द आहे, आणि तो प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. तो शब्द म्हणजे उतारा. सातबाराचा उतारा आपण काढतो, तेव्हा तलाठ्याचे दप्तर रिकामे होत नाही. आमच्या जिल्ह्यात सरकारी कागदावर त्याला काहीही नाव असो, कानडी बोलणारा शेतकरीसुद्धा 'उतार'च म्हणतो. हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच चालतो. उताऱ्यावर तारीख असते, आणि त्या तारखेला दप्तराची जी स्थिती होती तेवढीच तो सांगतो. पुढे फेरफार झाला, वारस लागले, बोजा चढला, की जुना उतारा निरुपयोगी ठरतो आणि नवा काढावा लागतो. साठवलेल्या पासवर्डांच्या प्रतीचे नेमके असेच आहे. चैत्रात प्रत काढली आणि श्रावणात बँकेचा पासवर्ड बदलला, तर ती प्रत बँकेपुरती शिळी झाली. 'बॅकअप' म्हटल्याने हे कळत नाही. उतारा म्हटल्याने न सांगता कळते. विषावरच्या औषधालाही आपण उताराच म्हणतो, तो योगायोग आम्हांला फार आवडतो.

पासवर्ड या शब्दाशी मात्र आमचे भांडण नाही. मराठी विकिपीडियाने आपल्या प्रवेश-पानावर 'परवलीचा शब्द' जपला आहे, कोठे 'संकेतशब्द' दिसतो, आणि बोलताना सगळेच पासवर्ड म्हणतात. परवलीच्या शब्दाला पहारेकऱ्याचा वास आहे आणि आम्हांला तो प्रिय आहे. जेथे अर्थ पोचतो तेथे कोणताही चालेल. जेथे शब्दाने माणूस उलट्या वाटेला लागतो, तेथे हट्ट धरावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता प्रत्यक्ष उतारा कसा निघतो ते सांगू, कारण केवळ शब्दांवर बोलून गुरुजींची किल्ली मिळाली नसती. संगणकावरील क्रोममध्ये सेटिंग्जमधून गूगल पासवर्ड मॅनेजर उघडावा. त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड एक्सपोर्ट करण्याची सोय आहे. संगणक आधी तुमची ओळख विचारतो आणि मग एक सीएसव्ही फाइल देतो. फायरफॉक्समध्ये साठवलेल्या लॉगिनांच्या पानावर, कोपऱ्यातील तीन ठिपक्यांखाली हीच सोय आहे. ॲपलने २०२४ मध्ये पासवर्डांचे स्वतंत्र ॲप आणले, त्यातूनही अशीच फाइल काढता येते. बिटवॉर्डनसारख्या स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये तिजोरीची प्रत साध्या स्वरूपात घ्यायची की कुलूपबंद, असा पर्याय मिळतो.

सीएसव्ही म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारा धोका तेथे आहे. ती साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक नोंद. स्थळाचे नाव, त्याचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, टीप, आणि मध्ये स्वल्पविराम. कोणतेही कुलूप नाही. ज्याच्या हाती ती फाइल पडेल त्याला तुमची बँक, तुमचा आयकर आणि तुमच्या संस्थेचा ईमेल एका पानावर वाचता येतील. पासवर्ड मॅनेजरमध्ये जे गुप्तलेखन होते ते उतारा काढताक्षणी गळून पडते. म्हणून ही फाइल जन्माला येऊन तासभराच्या आत कोठेतरी कुलूपबंद झाली पाहिजे आणि तिचे उघडे रूप नाहीसे झाले पाहिजे. ती 'डाउनलोड्स'मध्ये पडून राहता कामा नये. अनेक संगणकांवर दस्तऐवजांचे किंवा डेस्कटॉपचे फोल्डर आपोआप ऑनलाइन साठवणीशी जुळवलेले असते. तेथे फाइल ठेवली की तिची एक प्रत तुमच्या नकळत वर जाऊन बसते. आणि कृपा करून ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून झेरॉक्सच्या दुकानात छापायला नेऊ नये. आपल्याकडे ही चाल सर्रास आहे. आधारकार्डापासून जमिनीच्या कागदापर्यंत सारे काही दुकानदाराच्या संगणकावर रात्री मुक्कामाला असते, आणि तो बिचारा भला माणूस असला तरी त्याचा संगणक भला असेलच असे नाही.

मराठी माणसासाठी यात आणखी एक खोच आहे, जी इंग्रजीतील मार्गदर्शनात सहसा येत नाही. तुमच्या नोंदींत देवनागरी मजकूर असेल, उदाहरणार्थ टिपेत 'वाचनालयाचे खाते' असे लिहिले असेल, तर फाइलीवर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडताच बहुधा अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसेल. फाइल बिघडलेली नसते. ती यूटीएफ-८ या संकेतनात लिहिलेली असते आणि एक्सेल ती दुसऱ्याच संकेतनात वाचत असते. हे पाहून घाबरून लोक प्रत टाकून देतात. त्याहून वाईट म्हणजे तशीच जतन करतात. मग मात्र बिघाड कायमचा होतो. शिवाय एक्सेल आगाऊपणा करते. शून्याने सुरू होणारा अंकांचा पासवर्ड असेल तर ते पुढचे शून्य खाऊन टाकते, मोठ्या अंकसंख्येचे शेवटचे अंक शून्य करून ठेवते, तारखेसारखे काही दिसले की त्याची तारीख बनवते आणि बरोबरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या शब्दाला सूत्र समजते. आमचा सल्ला असा की ही फाइल एक्सेलमध्ये उघडूच नये. पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये पाहावी. तेथे देवनागरी नीट दिसते आणि कोणी मध्ये लुडबुड करत नाही.

मग ती ठेवायची कोठे? आम्ही आता असे करतो. कीपास या कुटुंबातील एक मुक्त आज्ञावली आहे, कीपासएक्ससी. ती इंटरनेटशिवाय चालते आणि सारे पासवर्ड एकाच कुलूपबंद फाइलीत ठेवते. सीएसव्ही तयार होताच ती तिच्यात आत घेतो, दोन-चार नोंदी उघडून पाहतो, आणि मग सीएसव्ही पुसून कचरापेटीही रिकामी करतो. पुसलेली फाइल तज्ज्ञाला कधीकधी परत मिळवता येते, म्हणून ज्याला शक्य असेल त्याने सुरुवातीपासूनच ती गुप्तलेखन केलेल्या पेनड्राइव्हवर उतरवावी. कुलूपबंद फाइलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरांत. तिचे उघडण्याचे वाक्य कागदावर लिहून पाकिटात बंद केलेले, तिसऱ्या घरी. तिन्ही घरे एकाच गल्लीत असू नयेत, हे २०१९ च्या पुरानंतर आम्ही निराळे सांगायला नको.

कागदावर पासवर्ड लिहू नये, हा उपदेश आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आम्हांला तो अर्धवट वाटतो. संगणकाच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी वाईट, यात शंका नाही. परंतु कपाटातील बंद पाकीट चोरायला चोराला घरी यावे लागते, आणि जो चोर लांबच्या देशातून तुमचे खाते फोडायला बसला आहे त्याला बेळगावच्या लाकडी कपाटात हात घालता येत नाही. पत्र्याच्या पेटीत कागद जपण्याची विद्या आमच्या सीमाभागाला कोणी शिकवायला नको. शाळेचे दाखले, जुन्या पावत्या, मातृभाषेचा रकाना भरलेले फॉर्म घराघरांत तीन-तीन पिढ्या जपून ठेवलेले आहेत, कारण उद्या पुरावा मागितला जाईल हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच घरात दोन लाखांच्या ठेवीच्या खात्याचा पासवर्ड मात्र फक्त मुलाच्या मोबाइलला माहीत असतो आणि मुलगा पुण्याला असतो.

हाताने लिहिताना एक काळजी घ्यावी. रोमन मोठा आय, लहान एल आणि एक हा अंक कागदावर सारखे दिसतात. ओ आणि शून्याचेही तसेच. आपल्याकडे त्यात देवनागरी अंकांची भर पडते. कळफलक मराठीवर असताना टंकलेला १ आणि इंग्रजीवर असताना टंकलेला एक हे संगणकाच्या लेखी दोन वेगळे वर्ण आहेत.

येथे भाषेचा आणखी एक प्रश्न येतो, आणि या पानाच्या वाचकांना तो इतरांहून अधिक रुचेल असे वाटते. पासवर्ड देवनागरीत ठेवावा काय? अभिमानाने आम्ही हो म्हटले असते. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही युनिकोड वर्ण स्वीकारावेत असे सुचवलेले आहे. तरीही सध्या आम्ही नको म्हणतो. कारण 'ॲ' पाहा. युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये मिळाले. त्याआधी, आणि पुष्कळ कळफलकांवर त्यानंतरही, ते 'अ'ला चंद्र जोडून लिहिले जाई. डोळ्याला दोन्ही सारखे. संगणकाला ते भिन्न शब्द. युनिकोडचे सामान्यीकरणाचे नियम या दोहोंना एक मानत नाहीत. 'सुऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' यांतील आडव्या रफाराची तीच कथा. एक कळफलक तो 'ऱ' या अक्षराने साधतो, दुसरा 'र'च्या पायमोडीनंतर न दिसणारा जोडवर्ण घालून. म्हणजे घरच्या संगणकावर ठेवलेला मराठी पासवर्ड मुलाच्या मोबाइलवरून अक्षर न अक्षर बरोबर टंकला तरी नाकारला जाईल, आणि चूक कोणाची हे दोघांनाही कळणार नाही. पुन्हा तो उताऱ्यात कागदावर लिहिला, तर कोणता 'ॲ' होता हे कागद सांगू शकत नाही.

यावर आमचा तोडगा मधला आहे. घरच्या बोलण्यातील पाच-सहा असंबद्ध मराठी शब्द निवडावेत आणि ते रोमन लिपीत, एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहावेत. शब्द एकमेकांशी न जुळणारे हवेत. प्रसिद्ध अभंग, म्हणी, घोषणा यांचा उपयोग करू नये; जे सर्वांना पाठ आहे ते गुपित कसे? तारखांचेही तेच. आमच्याकडे एटीएमपासून मोबाइलपर्यंत १७ जानेवारी, १ जून आणि १ नोव्हेंबर या दिवसांचे अंक ठेवणारे कितीजण असतील, याचा अंदाज आम्हांला आहे, कारण आम्ही स्वतः त्यांतले होतो. हुतात्म्यांचे स्मरण चौकात करावे. पिनमध्ये ते केले की गावातला प्रत्येक जण तुमचा पिन जाणतो.

उताऱ्यात काय येत नाही, हेही ठाऊक असावे. सीएसव्हीत पासकी येत नाहीत. पासवर्डाच्या जागी येऊ घातलेल्या या नव्या किल्ल्या एका पेटीतून दुसरीत सुरक्षित नेण्यासाठी फिडो अलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये सामायिक पद्धतीचे मसुदे प्रसिद्ध केले. ती सोय आता कोठे पसरू लागली आहे. बिटवॉर्डनच्या सीएसव्हीत कार्डे आणि ओळखपत्रांच्या नोंदी उतरत नाहीत. तिच्या कुलूपबंद प्रतीचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांपैकी जो खात्याशी बांधलेला असतो तो त्याच खात्यात परत घेता येतो. खातेच गेले तर ती प्रत म्हणजे वाचता न येणारा शिलालेख. म्हणून स्वतंत्र पासवर्ड लावलेला प्रकार निवडावा. दुहेरी पडताळणी चालू असेल तर केवळ पासवर्ड मिळून भागत नाही. गूगल दहा राखीव संकेत देते, प्रत्येक आठ अंकी आणि एकदाच चालणारा. ते पाकिटात पासवर्डाच्या शेजारी हवेत. आमच्या गुरुजींपाशी तसले संकेत असते, तर हा लेख कदाचित लिहावा लागला नसता.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला, कंपनी सांभाळते आहे की. फायरफॉक्सचे लॉकवाइज हे पासवर्डांचे ॲप डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाले. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरमधून पासवर्डांची सोय २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने काढली गेली; जूनपासून नवे साठवता येईनात, जुलैत आपोआप भरणे थांबले आणि ऑगस्टपासून तेथे साठवलेले पासवर्ड दिसेनासे झाले. ड्रॉपबॉक्सने आपली पासवर्ड-सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुंडाळली. सूचना सर्वांनी दिल्या होत्या, उतारा काढा असे सांगितलेही होते. मात्र त्या सूचना ईमेलने आणि पडद्यावर, बहुधा इंग्रजीत येतात, आणि आपण त्या जाहिरातींबरोबर पुसून टाकतो. लास्टपासचे प्रकरण याहून गंभीर होते. २०२२ मध्ये चोरट्यांनी त्या कंपनीच्या ऑनलाइन साठवणीतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या राखीव प्रतीच नेल्या. आतील पासवर्ड कुलूपबंद होते. स्थळांचे पत्ते उघडे होते. ज्यांचे मुख्य वाक्य दुबळे त्यांना सगळे पासवर्ड बदलत बसावे लागले. उताऱ्याच्या विरोधात हे उदाहरण देता येईल हे आम्ही जाणतो, कारण चोरीला गेली ती प्रतच. आम्ही त्यातून एवढेच घेतो की प्रतीच्या कुलपाचे वाक्य मूळ तिजोरीइतकेच भक्कम हवे.

सर्व यंत्रांवर जुळवून ठेवलेली यादी म्हणजे राखीव प्रत, हा समजही सोडावा. मोबाइलवर चुकून एक नोंद पुसली की तीच चूक घरच्या संगणकावर इमानेइतबारे पोचते. आणि काढलेला उतारा एकदा तरी दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. न उघडलेल्या पेनड्राइव्हवर विश्वास ठेवणारे आम्हांला पुष्कळ भेटले आहेत.

संस्थांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. बेळगावपासून इंदूर-बडोद्यापर्यंत महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्था बहुतेक दोन-तीन माणसांच्या खांद्यावर उभ्या आहेत. इतिवृत्ताची वही असते, पावतीपुस्तकाला कार्बन असतो, कपाटाच्या किल्लीचा जोड खजिनदाराकडे असतो. ईमेलच्या किल्लीचा जोड मात्र कोणाकडेच नसतो, कारण तो मागणे म्हणजे सचिवावर अविश्वास, असे आपल्याला वाटते. कपाटाच्या जोडकिल्लीने सचिवाचा अपमान होत नसेल, तर याही किल्लीने होऊ नये. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत 'हिशेब मंजूर करणे' याच्या खाली 'परवलीच्या शब्दांचा उतारा काढून पाकीट मोहोरबंद करणे' असा एक विषय आम्ही यंदा घातला. सभेत थोडे हसू झाले. मग कोणीतरी विचारले की मोहोर लावायला लाख आहे का, आणि ती कोणाकडेच नव्हती. शेवटी चिकटपट्टीवर सह्या केल्या.

आमच्या जुन्या संग्रहाचे काय झाले, असे वाचक विचारतात. खाते अद्याप उघडलेले नाही. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती पुसली जातील, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून तो नियम लागू झाला. आमचे खाते ज्या कंपनीकडे आहे तिचाही तसाच नियम आहे. येत्या आषाढात दोन वर्षे पुरी होतात. गुरुजी आठवड्यातून एकदा बसून सुचतील ते शब्द घालून पाहतात. त्यांना आठवते की पासवर्डात पहिल्या शाळेच्या गावाचे नाव होते, खरं ते रोमनमध्ये कसे लिहिले होते ते आठवत नाही. दरम्यान छापील चिठ्ठ्यांवरून सुमारे नऊशे शब्द आम्ही पुन्हा उतरवले आहेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील गावांच्या चिठ्ठ्या आणि चंदगडकडील सर्व ध्वनिमुद्रणे अजून हाती नाहीत. २०१९ ते २०२२ या काळात आमच्या भेटीच्या वेळी ज्यांनी चिठ्ठ्यांचे फोटो काढले होते किंवा आपल्या आजीचे बोलणे स्वतःच्या मोबाइलवर मुद्रित केले होते, त्यांनी ते शोधून पाहावेत आणि आम्हांला कळवावे. अक्षर पुसट असले तरी चालेल.